पाण्याच्या खड्ड्याचं तेवढं बघा साहेब : क्रीडा खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. क्रीडा मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. क्रीडा आयुक्त, आणि तिथून खाली तालुका क्रीडा अधिकाऱ्यापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या टेबलावरून मैदानाची फाईल जाते ते सगळे,

स.न.वि.वि.

मुद्द्यावर यायच्या आधी एक विनंती. स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीतला आमचा धावपटू अविनाश साबळे, त्याचा सत्कार असला, नाहीतर नुसतं कुठल्या शाळेचं गॅदरिंग जरी असलं, की माईकवर आलेला प्रत्येक पाहुणा म्हणतो, "आयुष्याच्या शर्यतीतले अडथळे पार करत आपल्या बीडच्या सुपुत्राने..." आणि पुढचं आम्हाला पाठ आहे. हे वाक्य आता बास करा. आयुष्यातले अडथळे आमच्याकडे मुबलक आहेत, त्यांची टंचाई कधीच जाहीर झाली नाही. टंचाई आहे ती खऱ्या अडथळ्याची, म्हणजे ९१.४ सेंटीमीटर उंचीचा लाकडी हर्डल आणि त्याच्यापुढे पाण्याचा खड्डा, जो आमच्या पोरांनी टीव्हीवर सोडून कुठेच बघितलेला नाही.

मी आष्टी तालुक्यातला. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे, पण पहाटे पोरं पळायला येतात त्यांच्याबरोबर असतो, टायमिंग घेतो, कुणाचे बूट फाटले तर बघतो, इतकंच. कोचबिच नाही मी, सर्टिफिकेट नाही. तरीपण हे लिहितोय कारण ज्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे ते लिहीत नाहीत, त्यांना नोकरी आहे.

ज्यांना ही शर्यत नुसती नावाने माहितीये त्यांच्यासाठी दोन मिनिटं थांबतो (साहेब, तुम्हाला माहीत असणारच). स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटर. त्यात २८ साधे हर्डल आणि ७ पाण्याच्या उड्या, म्हणजे एकूण ३५ वेळा जमीन सोडायची. एका लॅपला पाच, त्यातला चौथा पाण्याचा. आणि हा हर्डल ११० मीटरवाल्यासारखा पाय लागला की पडणारा नसतो, ऐंशी ते शंभर किलोचा ठोकळा असतो, पाय अडकला तर तो हलत नाही, तुम्ही पडता. पाण्यापाशी तर तो जमिनीत फिक्सच. बरेच जण त्या फळीवर एक पाय देऊन पुढे झेपावतात, फळी पाच इंचांची, त्यावर स्पाइक्स (बुटाचे खिळे) रुतवायचे आणि स्वतःला वर नाही, पुढे फेकायचं. पुढचा खड्डा हर्डलजवळ अर्धा मीटर खोल आणि तिथून चढत चढत ट्रॅकच्या लेव्हलला येतो, म्हणजे जो लांब झेपावेल त्याला घोट्याइतकं पाणी लागणार आणि जो आखूड पडेल तो गुडघ्यापर्यंत आत, वर ओले जड बूट घेऊन पुढचा लॅप. हे सात वेळा. आणि एकट्याने नाही, दहा-पंधरा जणांच्या गर्दीत, कोपर लागतंय, समोरचा फळीवर नक्की कुठे पाय देणार ते दिसत नाही. नुसता दम असून भागत नाही हो, हे अंगात बसावं लागतं, आणि ते बसतं सोळा-सतराव्या वर्षी. अविनाशला ही शर्यत भेटली विशी उलटल्यावर.

मांडव्याचा हा पोरगा, जन्म १३ सप्टेंबर १९९४, आईवडील शेतकरी, वीटभट्टीवरपण राबलेले, शाळा सहा किलोमीटर आणि गाडी नाही म्हणून चालत-पळत जायचा. हा भाग सगळ्यांना फार आवडतो. पेपरवाले तर इथेच दोन कॉलम काढतात. मला विचाराल तर यात काही विशेष नाही, सहा किलोमीटर शाळेत पळून ऑलिम्पिक मिळत असतं तर आमच्या निम्म्या तालुक्याच्या घरात ब्लेझर लटकला असता. गरिबीने धावपटू होत नाही, गरिबीने माणूस बारावीनंतर मिळेल ती नोकरी धरतो. त्यानेही तेच केलं, सैन्यात गेला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. २०१३-१४ ला सियाचीनला होता, मग राजस्थानचं वाळवंट, मग २०१५ ला सिक्कीम. तिथून पुढे सैन्यातल्याच क्रॉसकंट्रीत उतरला, मग अमरीश कुमार या आर्मीच्या कोचने त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. मधे वजन ७६ किलोपर्यंत गेलं होतं, ते तीनेक महिन्यांत वीसेक किलो उतरवलं असं छापून आलंय, वाचूनच धाप लागते.

आणि मग बघा काय झालं. गोपाल सैनींनी १९८१ मध्ये टोकियोत ८ मिनिटं ३०.८८ सेकंदाचं नॅशनल रेकॉर्ड केलं होतं. ३७ वर्षं ते कुणाला हललं नाही. अविनाशने २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० केलं आणि त्यानंतर हा माणूस स्वतःचंच रेकॉर्ड मोडत सुटला, पटियालात मोडलं, दोह्यात मोडलं, टोकियो ऑलिम्पिकमध्ये मोडलं, रबातला मोडलं, शेवटी ७ जुलै २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. सहा वर्षांत वीस सेकंद. ज्या खेळात अख्ख्या देशाला ३७ वर्षांत एक सेकंद कमी करता आला नव्हता तिथे एका माणसाने वीस काढले. आणि मधल्या वेळात दिल्लीला हाफ मॅरेथॉन ६० मिनिटं ३० सेकंदांत पळून तेही रेकॉर्ड करून आला, पाच हजार मीटरचं बहादूर प्रसाद यांचं १९९२ चं रेकॉर्डपण अमेरिकेत जाऊन काढलं, जाता जाता.

दोहा २०१९ ची हीट (फायनलआधीची पात्रता फेरी) मिळाली तर बघा एकदा. वर्ल्ड चॅम्पियनशिप होती. पळताना दोनदा त्याच्या वाटेत धडपड झाली, समोरचा इथिओपियाचा खेळाडू पडला, हा जवळजवळ थांबला, तिथून परत वेग धरला आणि तरीसुद्धा नवं नॅशनल रेकॉर्ड, ८:२५.२३. क्वालिफाय मात्र नाही. मग फेडरेशनने अपील केलं आणि ते मान्य झालं (आपल्याकडच्या ऑफिसने वेळेत एक कागद दिला की काय होतं याचं हे उदाहरण, नोंद घ्यावी). फायनलमध्ये घेतला, तेराव्या नंबरला आला, ८:२१.३७, आणि टोकियोचं तिकीट खिशात. टोकियोला परत तेच दुखणं, ८:१८.१२, नॅशनल रेकॉर्ड, पण हीटमध्ये सातवा, बाहेर.

बर्मिंगहॅमचं मात्र सावकाश सांगतो. कॉमनवेल्थ, ६ ऑगस्ट २०२२. १९९८ पासून २०१८ पर्यंत सलग सहा कॉमनवेल्थमध्ये या शर्यतीची तिन्ही मेडल केनियाने नेलेली. तिन्ही, दरवेळी. दुसऱ्या देशाच्या माणसाला पोडियमवर उभं राहायला जागाच नव्हती. तिथे हा शेवटच्या सरळ रस्त्याला अब्राहम किबिवोटच्या खांद्याला खांदा लावून येतो आणि हरतो किती फरकाने, तर ०.०५ सेकंदाने. ८:११.१५ आणि ८:११.२०. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. मला त्या सिल्व्हरचं कौतुक जास्त आहे, पुढच्या वर्षीच्या हांगझोच्या गोल्डपेक्षाही, जरी एशियन गेम्सचं ते गोल्ड या शर्यतीतलं भारताच्या पुरुषांचं पहिलं होतं आणि तो चार सेकंदांनी पुढे, एकटाच, मागे वळून बघत आला होता. तिथे त्याला कुणी गाठायलाच नव्हतं. बर्मिंगहॅमला केनिया होता.

पॅरिसला तो ऑलिम्पिक स्टीपलचेसची फायनल गाठणारा पहिला भारतीय पुरुष झाला, फायनलमध्ये ८:१४.१८, अकरावा. सकाळी आमच्या चौकात एकजण म्हणाला, "अकरावाच आला ना." मी काही बोललो नाही, चहा प्यायलो. जगातल्या अकराव्या माणसाला "च" लावायची आपली लायकी काय हा प्रश्न मी तुम्हाला नाही विचारत, पण त्या "च" ला तुमचं खातंही जबाबदार आहे, कारण तुम्हीपण मेडल आलं की जागे होता. त्या ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेचं ब्राँझ आलं, त्याचं कौतुक झालंच पाहिजे, झालं, कोटीचं बक्षीस झालं, छान. पण बक्षीस हे झालेल्या कामाचे पैसे असतात साहेब. त्यातून पुढचा तयार होत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मला रात्री झोपू देत नाही. भारताकडून ऑलिम्पिक स्टीपलचेसची फायनल आजवर दोनच जणांनी गाठलीये. बायकांमध्ये ललिता बाबर, रिओ २०१६, आणि पुरुषांमध्ये अविनाश. ललिताताई कुठल्या? मोही, तालुका माण, जिल्हा सातारा. हीटमध्ये ९:१९.७६ चं नॅशनल रेकॉर्ड आणि फायनलला दहावी, १९८४ ला पी. टी. उषा पळाल्या त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या फायनलमध्ये पोचलेली ती पहिली भारतीय बाई, ३२ वर्षांनी. त्याआधी मुंबई मॅरेथॉन भारतीयांमध्ये सलग तीनदा जिंकलेली. म्हणजे अख्ख्या देशाचे दोन फायनलिस्ट, दोन्ही महाराष्ट्राचे, आणि त्यातही एक माणचा, एक आष्टीचा. नकाशा काढा आणि बघा हे दोन तालुके कशासाठी प्रसिद्ध आहेत ते. टँकरसाठी. जिथे प्यायच्या पाण्याची बोंब तिथली दोन पोरं जगात जाऊन पाण्यावरून उड्या मारून आली. यात काहीतरी आहे असं तुमच्या खात्यात कुणालाच वाटलं नाही का, कुणी एक कागद तरी काढला का, की बाबा या पट्ट्यात पोरं पळतात, इथे या एका शर्यतीसाठी काहीतरी करू?

पोरं कमी नाहीत. पहाटे पाचला आमच्याकडच्या कुठल्याही रस्त्याला या, भरतीवाली पोरं पळताना दिसतील, पोरीसुद्धा, मोबाईलचा टॉर्च हातात धरून, बाजूने उसाच्या गाड्या जातायत. त्यांना एकच अंतर माहितीये, सोळाशे मीटर, कारण भरतीला तेवढंच लागतं. पोलीस नाहीतर आर्मी. यातला एखादा सोळाशेला असा सुटतो की बघत राहावं, तीन हजारला अजून चांगला पळेल हे दिसतं, पण त्याला तीन हजार सांगितलं तर तो विचारतो, "सर, त्याला मार्क आहेत का?" काय उत्तर देणार. आणि आर्मीचं म्हणाल तर ज्या वाटेने अविनाश गेला, किंवा आपला चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ गेला (विहिरी खणणाऱ्या बापाचा पोरगा, सैन्यात जाऊन वल्हं हातात घेतलं आणि रिओला रोइंगला पोचला), ती वाट तरी आता तशी राहिलीये का? अग्निवीर चार वर्षांचा, नंतर शंभरातले पंचवीस ठेवणार. अविनाशचं बारावीनंतर भरती होण्यापासून नॅशनल रेकॉर्डपर्यंतचं गणित मांडा, त्यात चार वर्षं कधीच उलटून जातात, हा तोवर सर्टिफिकेट घेऊन मांडव्याला परत आलेला असता. स्पोर्ट्स कोट्याची सोय वेगळी असते हे मला माहितीये, पण अविनाश खेळाडू म्हणून भरती झालाच नव्हता, साधा जवान म्हणून गेला होता. ही योजना केंद्राची आहे, तुमच्या हातात नाही, मान्य. पण म्हणूनच तर म्हणतो, आर्मी शोधेल, आर्मी घडवेल, आपण फ्लेक्स लावू, हे धोरण आता चालणार नाही.

आम्ही स्वतः काय केलं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसती तक्रार. जवळच्या एका संकुलात, नाव घेत नाही, कडेला वॉकिंगसाठी पेव्हर ब्लॉक आहेत, ओपन जिम आहे जिची दोन यंत्रं गंजलीत, उद्घाटनाची कोनशिला मात्र ग्रॅनाइटची. तिथे आम्ही एका कोपऱ्यात खड्डा खोदायची परवानगी मागितली, मिळाली नाही, मग एका शेतकऱ्याने पडीक तुकडा दिला. बाभळीचा ओंडका रंधून घेतला, वेल्डिंगवाल्याने दोन स्टँड करून दिले, खड्ड्यात कांद्यावर टाकायची ताडपत्री अंथरली आणि टँकरवाल्याला विनवून पाणी भरलं. पहिल्या दिवशी पोरं एवढी खूश, रनिंग राहिलं बाजूला, नुसत्या उड्या. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी रस्त्यावर उभी राहून बघत होती, म्हणाली, "आमच्या म्हशीला पाणी नाही अन् तुम्ही त्यात नाचायलेत व्हय." तिचं काही चुकलं नाही. मी मान खाली घातली आणि ते पाणी दोन दिवसांनी तिच्याच लिंबाच्या झाडांना सोडलं. आणि खरं सांगायचं तर खड्डापण धोक्याचा होता, ताडपत्रीखाली माती भिजून घसरडी झाली, एका पोराचा घोटा मुरगळला, आई भांडायला आली, बंद केला. तळाला जाड मॅटिंग लागतं, ते आम्ही कुठून आणणार.

मॅटिंग असलेल्या, जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या ट्रॅकवरसुद्धा ही उडी घातक आहे. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला अविनाश पाण्याच्या उडीवरच पडला, गुडघ्याचं लिगामेंट आणि मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) गेलं, ऑपरेशन करावं लागलं, टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप हुकली. त्याच्या दीडच महिना आधी कोरियात एशियन चॅम्पियनशिपचं गोल्ड घेतलं होतं, ३६ वर्षांनी भारताला ते मिळालं होतं. एवढा तयार माणूस पडतो, तर ज्याने उडीच कधी मारली नाही असं पोर एकदम पंचविसाव्या वर्षी मारायला लागलं तर काय होईल याचा विचार करा.

पाण्याचं म्हणाल तर मी हिशोब केलाय. नियमाचा खड्डा ३.६६ मीटर लांब-रुंद, खोली अर्ध्या मीटरपासून शून्यापर्यंत, म्हणजे साडेचार हजार लिटरच्या आत पाणी लागतं. अर्धा टँकरपण नाही. ते रोज बदलायचं नाही, आठवडाभर झाकून ठेवता येतं, नंतर ग्राउंडवरच्या झाडांना सोडता येतं. आणि मार्च ते जून पाणी नसेल तर नका भरू, कोरड्यात वाळू टाकून फळीवर पाय द्यायची प्रॅक्टिस होते. पण मृगानंतर सात-आठ महिने आमच्याकडेही तेवढं पाणी असतं. पाणी नाही म्हणून खड्डा नाही, हे कारण मला सांगू नका. एका मंत्र्याच्या दौऱ्याला रस्त्यावर धूळ उडू नये म्हणून यापेक्षा जास्त पाणी मारलेलं मी बघितलंय.

तर मागणं मोठं नाहीये. बीड आणि सातारा, निदान या दोन जिल्ह्यांत पहिल्यांदा, जिथे ट्रॅक आहे किंवा होणार आहे तिथे नियमाप्रमाणे वॉटर जंप असू द्या, आणि नुसता बांधून नका ठेवू, झाकण लावून कचराकुंडी होते त्याची, तो भरायला आणि साफ करायला एक माणूस पगारावर ठेवा. पोरांसाठी उंची कमी-जास्त करता येणारे हर्डल द्या, मुलींचा ७६.२ सेंटीमीटरचा असतो, तिथून सुरुवात करता येईल. भरतीच्या मैदानावर ज्यांचं सोळाशे चांगलं येतं पण उंचीत नाहीतर छातीत बसत नाहीत म्हणून घरी जातात, त्यांची नावं आणि टायमिंग तुमच्याकडे येतील अशी काहीतरी सोय गृह खात्याशी बोलून करा, ती यादी म्हणजे तुम्हाला फुकटात मिळालेली टॅलेंट सर्च आहे. आणि एखादा फिजिओ आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी तरी बसवा, आमच्याकडे घोटा मुरगळला की हाडवैद्याकडे नेतात आणि ते पोर पुन्हा कधी पळताना दिसत नाही.

जागेचा प्रश्न काढू नका, ज्याने पडीक तुकडा दिला तो शेतकरी अजून तयार आहे, लिहून द्यायला तयार आहे. अंदाजपत्रक मागाल तर तुमचा इंजिनिअर पाठवा, जेवण माझ्याकडे. आणि परत कुणी "तालुका स्तरावर तरतूद नाही" असं छापील उत्तर पाठवणार असेल तर कृपया त्यावर सही करणाऱ्याचं नाव वाचता येईल असं लिहा, मागच्या वेळच्या पत्रावर नुसताच शिक्का होता.

कळावे,
आष्टी तालुक्यातला एक पळणारा, आता नुसतं टायमिंग घेणारा